समोरचं गवत आणि मागचा डोंगर : धूसरपणाची वाटणी

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर लँडस्केपचा जवळजवळ प्रत्येक फोटो चांगला दिसतो. घरी येऊन तोच मोठ्या स्क्रीनवर उघडावा, शंभर टक्के झूम करावा, आणि मग कळावं की डोंगराची कड विरघळल्यासारखी झाली आहे, पायाजवळचं गवत पुसट आहे, आणि लख्ख शार्प आहे ते मधलंच एक झुडूप, ज्याचं त्या फोटोशी काही देणंघेणं नव्हतं. हे माझ्या बाबतीत इतक्या वेळा झालं की एका टप्प्यावर मला लेन्सचाच संशय यायला लागला. लेन्स बदलली. फोटो तसेच आले.

चूक माझ्या समजुतीत होती. लँडस्केपमध्ये ‘सगळं शार्प’ येतं, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक केलं की झालं, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात लेन्स एका वेळी एकाच अंतरावरच्या गोष्टी खऱ्या अर्थाने शार्प टिपते. त्या अंतराच्या पुढे आणि मागे धूसरपणा सुरू होतो, आणि लगेच सुरू होतो. तो एकूण किती असावा आणि कुणाच्या वाट्याला किती जावा, एवढंच आपल्या हातात असतं. फोकस करणं म्हणजे ही वाटणी करणं. हे डोक्यात बसलं की हायपरफोकल, डिफ्रॅक्शन, फोकस स्टॅकिंग हे सगळे जड शब्द एकाच घरातले निघतात.

बिंदू, ठिपका आणि ०.०३ मिलिमीटर

समोर कुठेतरी प्रकाशाचा एक बिंदू आहे असं समजा. त्यातून निघालेले किरण लेन्सच्या छिद्रभर पसरून आत येतात आणि लेन्स त्यांना शंकूसारखं निमुळतं करत पुन्हा एका टोकात आणते. ते टोक नेमकं सेन्सरवर पडलं तर बिंदूचा बिंदूच राहतो. टोक सेन्सरच्या अलीकडे किंवा पलीकडे पडलं तर सेन्सर शंकूला मध्येच छेदतो आणि बिंदूच्या जागी गोल ठिपका उमटतो. धूसर भाग म्हणजे असे असंख्य ठिपके एकमेकांवर चढलेले.

ठिपका पुरेसा लहान असेल तर डोळ्याला तो बिंदूच वाटतो. ‘पुरेसा लहान’ची ही मर्यादा म्हणजे सर्कल ऑफ कन्फ्युजन. ३६ × २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरसाठी ती परंपरेने ०.०३ मिलिमीटर धरतात. या आकड्यामागे एक प्रेक्षक गृहीत आहे: साधारण वहीच्या पानाएवढा किंवा थोडा मोठा प्रिंट हातात धरून, वाचायला धरतो तितक्या अंतरावरून बघणारा. सेन्सरवरचं चित्र ३० सेंटीमीटर रुंद छापलं तर ते आठेक पट मोठं होतं, ०.०३ मिलिमीटरचा ठिपका पाव मिलिमीटरचा होतो, आणि हातातल्या प्रिंटवर तो सहसा खटकत नाही.

पण तोच फोटो ६० सेंटीमीटर रुंद छापून जवळून पाहिला की ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. स्क्रीनवर शंभर टक्के झूम म्हणजे याहून कडक परीक्षा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ‘चालण्याजोगा’ मानलेला ठिपका पाच पिक्सेल रुंद असतो. ४५ मेगापिक्सेलवर तो सात पिक्सेल भरतो. म्हणून डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारा पट्टा, मोजणारं ॲप ‘१.२ मीटरपासून अनंतापर्यंत शार्प’ असं सांगतं आणि घरी तोच डोंगर मऊ दिसतो. ॲपने गणित बरोबरच केलेलं असतं. त्याच्या मनातला प्रेक्षक तुमच्याइतका जवळून बघत नसतो.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणून सांगितला जाणारा पट्टा हा असा आहे. त्याच्या कडेला भिंत नसते. १.२ मीटरवरचं पान शार्प आणि १.१ मीटरवरचं धूसर, असं काही घडत नाही. ठिपका हळूहळू वाढत जातो, आणि आपण कुठेतरी रेघ मारून म्हणतो, इथपर्यंत चालेल.

छिद्र किती मोठं, हे मिलिमीटरमध्ये बघा

ॲपर्चरचा आकडा हे एक गुणोत्तर आहे: फोकल लेंथ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) भागिले छिद्राचा व्यास. २४ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर असेल तर छिद्र ३ मिलिमीटरचं. २०० मिलिमीटरची लेन्स त्याच एफ/८ वर असेल तर २५ मिलिमीटरचं. दोन्हीकडे आकडा ८ असला तरी दुसरीकडे प्रकाशाचा शंकू कितीतरी जाड आहे. टेलिफोटोने काढलेल्या लँडस्केपमध्ये एफ/८ पुरत नाही ते याच कारणाने.

छिद्र अर्धं केलं की शंकू अर्धा जाड होतो आणि धूसर ठिपकाही अर्ध्यावर येतो. चष्मा विसरलेला माणूस डोळे किलकिले करून दूरची पाटी वाचतो तेव्हा तोही हेच करत असतो.

छिद्राकडे मिलिमीटरमध्ये बघण्याची सवय लागली की फोनचंही कोडं सुटतं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ सहा मिलिमीटरच्या आसपास असते, आणि एफ/१.८ म्हणजे त्याचं छिद्र जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. फुल फ्रेमवरच्या २४ मिलिमीटर लेन्सचं एफ/८ चं छिद्र ३ मिलिमीटर. दृश्य साधारण तेवढंच रुंद, छिद्र जवळपास तेवढंच, म्हणून डेप्थ ऑफ फील्डही जवळपास सारखी. फोनमध्ये समोरचं आणि मागचं दोन्ही सहज शार्प येतं त्याला हे कारण पुरेसं आहे.

आता एक जुनं उदाहरण. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि इतर काही छायाचित्रकारांनी एक गट स्थापन केला आणि त्याला चक्क ॲपर्चरचं नाव दिलं: ग्रुप एफ/६४. कडेपासून कडेपर्यंत लख्ख चित्र हा त्यांचा आग्रह होता. आज कुणी हे वाचून आपली लेन्स जास्तीत जास्त बारीक करायला जाईल, तर फसेल. ते लोक ८ × १० इंची फिल्मचे मोठे कॅमेरे वापरत. अशा कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स ही साधी, नेहमीची लेन्स असते आणि एफ/६४ वर तिचं छिद्र पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास येतं. फुल फ्रेमवर तेवढंच दृश्य दाखवणाऱ्या ४० मिलिमीटरच्या लेन्सला तेवढं छिद्र मिळतं एफ/८ आणि एफ/९ च्या मध्ये. म्हणजे ज्या आकड्याला आपण टोकाचा समजतो, त्याच्याएवढं छिद्र आपल्या कॅमेऱ्यावर अगदी रोजच्या वापरातलं आहे.

अंतराचं गणित डोळ्यांना दिसतं तसं नसतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपण उभे असतो तिथून समोरचा दगड एक मीटरवर, झाड वीस मीटरवर, डोंगर तीन किलोमीटरवर. झाडापासून डोंगरापर्यंत केवढं तरी अंतर आहे असं आपल्याला वाटतं, आणि पायांना ते आहेच. लेन्सला ते जाणवतही नाही. लेन्स अंतर उलटं करून मोजते: १ भागिले अंतर. एक मीटरवरच्या दगडाचा आकडा १. दोन मीटरवर ०.५. वीस मीटरवर ०.०५. डोंगराचा जवळजवळ शून्य. धूसर ठिपक्याचा आकार ठरतो तो या उलट्या आकड्यांमधल्या फरकावरून.

म्हणजे एक मीटरपासून दोन मीटरपर्यंतचा फरक ०.५, आणि दोन मीटरपासून थेट क्षितिजापर्यंतचा फरकही ०.५. लेन्सच्या दृष्टीने पहिला एक मीटर आणि त्यापुढचं सगळं जग यांचं वजन सारखंच. अंतराची पट्टी कोरलेली एखादी जुनी लेन्स हातात आली तर बघा, अर्धा मीटर ते एक मीटर यात रिंग बरीच फिरते, आणि १० मीटर व अनंत या खुणा अगदी खेटून असतात.

यातून एक नियम आपोआप निघतो, आणि लँडस्केपसाठी याहून उपयोगी नियम मला माहीत नाही: फ्रेममधली सगळ्यात जवळची गोष्ट किती अंतरावर आहे ते बघा, आणि त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस करा. दगड एक मीटरवर असेल तर फोकस दोन मीटरवर. असं केलं की सगळ्यात जवळच्या दगडाला आणि सगळ्यात दूरच्या डोंगराला धूसरपणाचा अगदी सारखा वाटा मिळतो. लेन्स कुठलीही असो, सेन्सर कितीही मोठा असो, ॲपर्चर काहीही असो, ही समान वाटणी ढळत नाही. ॲपर्चरने फक्त वाटा लहान-मोठा होतो.

अंतर मोजायचं ते कॅमेऱ्यापासून, पायापासून नव्हे. ट्रायपॉडवर कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल तर पायाजवळचं गवतसुद्धा त्याच्यापासून दीड मीटरपेक्षा जास्त दूर असतं. तोच कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणला की तेच गवत अर्ध्या मीटरवर येतं आणि सगळा हिशेब अवघड होतो. ट्रायपॉड खाली करण्याची किंमत लोकांच्या लक्षात येत नाही. कित्येकदा तो वीतभर वर घेतला तरी प्रश्न सुटतो.

डोंगर फ्रेममध्ये नसेल, म्हणजे सगळ्यात दूरची गोष्टही मोजण्याइतकी जवळ असेल, तर दुप्पटपेक्षा थोडं अलीकडे या. जवळचं १ मीटर आणि दूरचं ५ मीटर असेल तर समान वाटणीचा फोकस १.७ मीटरच्या जवळ येतो. बरोबर मधला, म्हणजे ३ मीटरचा नव्हे.

याच्या जोडीला एक फार पसरलेला सल्ला आहे: दृश्याच्या एक तृतीयांश आत फोकस करा. मी तो बरीच वर्षं पाळला आणि आता कुणाला देत नाही. डोंगर तीन किलोमीटरवर असेल तर एक तृतीयांश म्हणजे एक किलोमीटर. तिथे फोकस केला काय आणि अनंतावर केला काय, समोरच्या दगडाला काहीच मिळत नाही. फोकसच्या पुढे एक भाग आणि मागे दोन भाग शार्प असं प्रमाण खरोखर येतं, पण ते फक्त एका ठरावीक अंतरावर, हायपरफोकल अंतराच्या एक तृतीयांशावर. इतर कुठेही नाही.

हायपरफोकल, आणि मी तो थोडा का मोडतो

हायपरफोकल अंतर म्हणजे दुप्पट अंतराचाच नियम उलट्या टोकाने पकडलेला. तिथे आपण जवळच्या गोष्टीपासून सुरुवात केली. इथे ठिपक्याच्या मर्यादेपासून करतो. या अंतरावर फोकस केला तर अनंतावरच्या गोष्टीचा ठिपका नेमका ०.०३ मिलिमीटरचा होतो, आणि जवळच्या बाजूला याच अंतराच्या निम्म्यापर्यंत सगळं त्या मर्यादेत राहतं. गणित सोपं आहे: फोकल लेंथचा वर्ग भागिले (ॲपर्चरचा आकडा गुणिले ०.०३), सगळं मिलिमीटरमध्ये. फुल फ्रेमवर एफ/८ ला १६ मिलिमीटरसाठी ते साधारण १.१ मीटर येतं, २४ साठी २.४ मीटर, ३५ साठी ५ मीटर, ५० साठी १०.५ मीटर, १०० साठी ४२ मीटर, आणि २०० साठी १६० मीटरच्या पुढे. फोकल लेंथ दुप्पट झाली की अंतर चौपट होतं, हे त्या आकड्यांत दिसतंच. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरसाठी मर्यादा ०.०२ मिलिमीटर धरायची.

आता यातला कच्चा दुवा. २४ मिलिमीटर, एफ/८, फोकस २.४ मीटरवर. समोर २.४ किलोमीटरवर डोंगर आहे आणि त्याच्या कडेवर झाडांची रांग. सेन्सरवरचा ०.०३ मिलिमीटरचा ठिपका त्या डोंगरावर नेऊन मोजला तर तो तीन मीटरचा भरतो. म्हणजे कडेवरचं तीन मीटर उंचीचं झाड एका ठिपक्यात मावून जातं. तिथे फोकस केला असता तर २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरने त्या डोंगरावरचा साठ सेंटीमीटरचा तपशील वेगळा ओळखला असता. पुस्तकी हायपरफोकलने आपण तो स्वतःच्या हाताने पुसला.

याच्या उलट, फोकस सरळ अनंतावर ठेवला तर? तेव्हा कुठल्याही अंतरावरच्या वस्तूवर धूसर ठिपका लेन्सच्या छिद्राएवढाच पडतो. छिद्र ३ मिलिमीटरचं, म्हणून एक मीटरवरच्या दगडावर ठिपकाही ३ मिलिमीटरचा. दगडाची चीर, त्यावर पडलेलं पान, शेवाळाचा पट्टा हे ओळखू येईल. गवताच्या पात्याची धार आणि खडीचे बारीक कण जातील.

दोन्ही टोकं अशी शेजारी ठेवली की निवड करता येते. जवळचा दगड फ्रेममध्ये मोठा असतो, त्याच्यावर थोडा मऊपणा डोळा खपवून घेतो. दूरची झाडं फ्रेममध्ये इवलीशी असतात, थोडं गमावलं तरी त्यांचं काही उरत नाही. म्हणून मी दुप्पट अंतर काढतो आणि मग फोकस त्याहून थोडा पुढे सरकवतो, तिप्पट-चौपटपर्यंतसुद्धा. डोंगराच्या वाट्याला कमी धूसरपणा देतो. अपवाद तेव्हा, जेव्हा समोरच फोटोचा जीव असतो: दवाने भिजलेलं कोळ्याचं जाळं, बर्फातल्या रेघा, सुकलेल्या मातीच्या भेगा. तेव्हा मागचा डोंगर थोडा मऊ राहिला तरी चालतो.

वाटणी न बदलता दोघांनाही अधिक चांगलं द्यायचं असेल तर मर्यादा ०.०३ ऐवजी ०.०१५ धरा. म्हणजे फोकसचं तेच अंतर ठेवून ॲपर्चर दोन स्टॉप, म्हणजे दोन पायऱ्या, बारीक करा: एफ/८ असेल तर एफ/१६.

मग एफ/२२ का नको

दोन स्टॉप बारीक केल्याने चांगलं होत असेल तर चार स्टॉप का नाही? कारण छिद्र बारीक होत गेलं की प्रकाश त्याच्या कडांशी जास्त पसरतो. यालाच डिफ्रॅक्शन म्हणतात. अचूक फोकस झालेला बिंदूसुद्धा मग बिंदू राहत नाही, वलयं असलेली एक चकती होतो. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ साली तिचं गणित मांडलं, म्हणून तिला एअरी डिस्क म्हणतात. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास एफ/८ ला साधारण ०.०११ मिलिमीटर, एफ/११ ला ०.०१५, एफ/१६ ला ०.०२१, आणि एफ/२२ ला ०.०३ मिलिमीटर येतो.

शेवटचा आकडा ओळखीचा आहे. एफ/२२ वर डिफ्रॅक्शनची चकती आपल्या ‘चालेल’ मर्यादेएवढी झाली, आणि तीही सबंध फ्रेमभर. डिफोकसचा ठिपका निदान फोकसच्या जागी शून्य होतो. डिफ्रॅक्शन कुणालाच सोडत नाही.

तरी या भीतीने एफ/८ च्या पुढेच न जाणारे लोक मला भेटतात, आणि त्यांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे. एअरी डिस्कमधला बहुतेक प्रकाश मधोमध एकवटलेला असतो, म्हणून तेवढ्याच आकाराच्या डिफोकसच्या ठिपक्यापेक्षा ती कमी नुकसान करते, आणि नंतर शार्पनिंगने त्यातलं बरंच परत मिळतं. फोकसबाहेर गेलेलं गवत मात्र कुठल्याही स्लायडरने नीट परत येत नाही. म्हणून फुल फ्रेमवर एफ/११ निर्धास्त वापरावं, गरज असेल तर एफ/१६ सुद्धा. एपीएस-सी वर एक स्टॉप अलीकडे थांबावं. आणि समोर जवळचं काही नसेल, सगळं दृश्यच दूरचं असेल, तर एफ/५.६ ते एफ/८ मध्ये बहुतेक लेन्स सगळ्यात चांगल्या चालतात. तिथे एफ/१६ लावणं म्हणजे विनाकारण तपशील घालवणं.

जागेवर उभं राहिल्यावर

आधी फ्रेम ठरवायची, मग फोकस. बऱ्याच झूम लेन्स फोकल लेंथ बदलली की फोकस थोडा हलवतात. नंतर सगळ्यात जवळची गोष्ट शोधायची, आणि फ्रेमचे खालचे दोन्ही कोपरे नीट बघायचे, कारण नजर चुकवून एखादी काडी तिथेच बसलेली असते. तिचं अंतर अंदाजाने मोजायचं. अंदाज कच्चा असेल तर घरी मोजपट्टी घेऊन एक मीटर, दीड मीटर, तीन मीटर हे डोळ्यांत बसवावेत. दोन दिवसांत बसतात. मग दुप्पट अंतरावरची एखादी ठळक कड, दगड किंवा बुंधा शोधून त्यावर ऑटोफोकस करायचा आणि लेन्स मॅन्युअलवर टाकायची, म्हणजे पुढच्या क्लिकला कॅमेरा स्वतःहून दुसरीकडे जाणार नाही.

त्यानंतर लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून आधी दगड बघायचा, मग डोंगर. इथे एक अडचण येते. बरेच कॅमेरे चित्र दाखवताना ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवतात, त्यामुळे पडद्यावर दोन्ही धूसर दिसतात. डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण असेल तर ते दाबून बघा. नसेल तर एक फोटो काढून तोच मोठा करा. शार्प कडा रंगवून दाखवणाऱ्या फोकस पीकिंगच्या रंगीत रेघांवर मी विसंबत नाही. त्या फार उदार असतात.

अनंतावर फोकस करायचा तर रिंग शेवटच्या टोकापर्यंत फिरवू नका. तापमानामुळे होणारे बदल आणि ऑटोफोकसची गरज लक्षात घेऊन अनेक लेन्सना अनंताच्या पलीकडेही फिरायला जागा ठेवलेली असते. टोकाला नेलं तर डोंगर आणि तारे दोन्ही मऊ येतात, आणि फोकस चुकलाय हेच लक्षात येत नाही. दूरच्या एखाद्या ठळक कडेवर, रात्री एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर, मोठं करून हाताने फोकस केलेला केव्हाही बरा.

आणि सगळा मऊपणा फोकसचा नसतो. पहाटेच्या प्रकाशात एफ/१६ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० म्हटलं की शटर पाव सेकंदावर किंवा त्याहूनही खाली जातं. तेवढ्यात वारा गवताला हलवतो. गवत डेप्थ ऑफ फील्डमध्ये असूनही पुसलं जातं, आणि आपण पुढच्या वेळी ॲपर्चर आणखी बारीक करून शटर आणखी मंद करतो. ओळखायची खूण सोपी आहे: धूसर भाग एका दिशेला ओढल्यासारखा असेल तर हालचाल, सगळीकडून सारखा फुगलेला असेल तर फोकस. हालचाल असेल तर आयएसओ ४०० किंवा ८०० करा. थोडा नॉइज शार्प गवतावर चालतो. सगळीच फ्रेम ओढलेली असेल तर ट्रायपॉड हलला आहे. दोन सेकंदांचा टायमर लावा, मधला दांडा खाली घ्या.

भर दुपारी लांबच्या लेन्सने काढलेला डोंगर मात्र यातल्या कशानेही सुधारत नाही. तापलेली हवा थरथरत असते आणि प्रत्येक फोटोत कड वेगळी येते. त्याला उपाय सकाळी लवकर येणं.

एका फोटोत मावत नाही तेव्हा

५० मिलिमीटरची लेन्स, समोरचा दगड १.२ मीटरवर, मागे डोंगर. ०.०३ ची ढिली मर्यादा धरली तरी यासाठी एफ/३५ च्या आसपास जावं लागेल. इथे वाटणी कशीही केली तरी प्रत्येकाचा वाटा खटकेल इतका मोठा राहतो. मग एकाच फ्रेमचे वेगवेगळ्या फोकसचे काही फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे, म्हणजे फोकस स्टॅकिंग.

किती फोटो आणि कुठे फोकस, यालाही ते उलटं अंतर मदत करतं. हायपरफोकल अंतर माहीत असेल तर पहिला फोटो तिथे, दुसरा त्याच्या एक तृतीयांशावर, तिसरा एक पंचमांशावर. प्रत्येक पट्टा आधीच्याला बरोबर जोडला जातो. २४ मिलिमीटर एफ/८ ला २.४ मीटर, ८० सेंटीमीटर आणि ४८ सेंटीमीटर असे तीन फोटो ४० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत पुरतात. जोड दिसू नये म्हणून पट्टे थोडे एकमेकांवर चढवावेत, म्हणजे प्रत्यक्षात चार-पाच फोटो. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स सगळ्यांत एकच ठेवायचा.

स्टॅकिंग प्रत्येक दृश्याला लावू नये असं माझं मत आहे. वारा असेल तर प्रत्येक फोटोत गवत वेगळ्या जागी असतं आणि जोडलेल्या चित्रात भुतासारखी दुहेरी पाती उमटतात. जवळची फांदी दूरच्या डोंगरावर आडवी आली असेल तर तिच्याभोवती मऊ वलय राहतं, कारण ती धूसर असताना फुगून मागचा डोंगर झाकते आणि तेवढा डोंगर एकाही फोटोत शार्प नसतो. फांदी टाळता येत असेल तर एक पाऊल बाजूला व्हा.

तिसरी वाट टिल्ट लेन्सची. ऑस्ट्रियन सैन्यातले कॅप्टन थिओडोर शाइमफ्लुग हवाई छायाचित्रांमधली विकृती दुरुस्त करण्याच्या कामात होते. त्यांच्या १९०४ च्या पेटंटमधून या तत्त्वाला त्यांचं नाव मिळालं. लेन्स सेन्सरशी समांतर न ठेवता थोडी झुकवली की शार्प प्रतलही झुकतं आणि जमिनीवर आडवं पसरवता येतं. कॅमेरा दीड मीटर उंचीवर आणि लेन्स २४ मिलिमीटरची असेल तर हा झुकाव एक अंशापेक्षाही कमी लागतो. फुलांचं सपाट पठार, वाळूच्या लाटा, गोठलेलं तळं यांसाठी ही लेन्स अतिशय सुंदर काम करते. समोर उंच झाड उभं असेल तर त्याचा शेंडा प्रतलाच्या बाहेर जातो आणि फायदा संपतो.

आणि कधी कधी समोरचं शार्प असण्याची गरजच नसते. तसं असेल तर अर्धवट नको. ॲपर्चर उघडा, फुलं पूर्ण विरघळू द्या, रंगाचा डाग होऊ द्या. नजरेला सगळ्यात जास्त टोचतं ते थोडंसं धूसर गवत, जे चुकून राहिल्यासारखं दिसतं.

हे सगळं वाचून पटण्यापेक्षा एकदा करून बघावं. एक मीटरवर एखादा खडबडीत दगड, मागे शक्य तेवढं दूरचं दृश्य, कॅमेरा ट्रायपॉडवर, २४ मिलिमीटर, एफ/८. चार फोटो काढा: फोकस दगडावर, मग दोन मीटरवर, चार मीटरवर, अनंतावर. डोंगराचा ठिपका पहिल्यात ०.०७२ मिलिमीटरचा असेल, मग ०.०३६, मग ०.०१८, मग शून्य. दगडाचा त्याच क्रमाने शून्य, ०.०३६, ०.०५४, ०.०७२. चारही फोटो स्क्रीनवर शेजारी लावा, आधी दगडावर झूम करा, मग डोंगरावर, आणि कुठला तुम्हाला बरा वाटतो ते बघा. मला तिसरा.